तिसऱ्या रात्रीचा रुग्ण: दारू सुटल्याचा त्रास आणि ओव्हरडोस

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या हाऊस ऑफिसरने दोन केसेस मांडल्या आहेत. पहिली, मांडीचं हाड मोडून दाखल झालेला बावन्न वर्षांचा माणूस. दोन दिवस शांत होता, तिसऱ्या रात्री अंथरुणातून उठून भिंतीवरची झुरळं झटकायला लागला. हातपाय बांधून हॅलोपेरिडॉल (भ्रम-भास आवरणारं औषध) दिलं, पहाटे फिट आली. दुसरी, किनारपट्टीवरून बेशुद्ध आणलेला पंचविशीतला मुलगा. नॅलॉक्सोन (अफूवर्गातल्या औषधांचा उतारा) देताच उठून बसला, आणि दीड तासाने कॉटवरच निळा पडलेला सापडला. कुठे चुकलं आणि नेमकं काय करायला हवं होतं?

दोन्हीकडे घड्याळ बघायचं राहिलं. पहिल्याची दारू सुटून किती तास झाले हे कुणी मोजलं नाही. दुसऱ्याला दिलेलं औषध किती वेळ टिकतं आणि अंगातलं विष किती वेळ टिकतं, हा हिशेब कुणी केला नाही.

दारूपासून सुरुवात करू. दाखल करताना ‘पिता का?’ एवढंच विचारलं तर घरचे ‘पिता, पूण चड ना’ (पितो, पण जास्त नाही) म्हणून मोकळे होतात, आणि केस पेपरवर ‘ऑकेजनल’ लिहिलं जातं. हा शब्द लिहूच नका. काय पितात, रोज किती मिलिलिटर, सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, ते थांबायला घोट लागतो का, पूर्वी कधी सोडल्यावर फिट आली होती का, आणि शेवटचा घोट कुठल्या दिवशी किती वाजता घेतला, हे सगळं आकड्यांत लिहा. मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले शंभर, गुणिले 0.8, म्हणजे अल्कोहोल ग्रॅममध्ये मिळतं. फेणी साधारण 42 टक्के धरली तर एका क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलीत, 60 ग्रॅम. हुर्राक (काजूची पहिल्या वाफेची दारू) 15 टक्क्यांच्या आसपास, म्हणून ‘हलका’ समजतात. पण लिम्का आणि चिरलेली मिरची घालून 750 मिलीची बाटली संपवली की 90 ग्रॅम पोटात गेलेले असतात. आपल्याकडे एक प्रमाण पेग 10 ग्रॅमचा धरतात. मार्च ते मे या हंगामात ‘फेणी सोडलीय, आता नुसता हुर्राक’ असं सांगणारा माणूस प्रत्यक्षात जास्त पीत असू शकतो.

तास शेवटच्या घोटापासून मोजायचे, दाखल झाल्यापासून नव्हे. रविवारी दुपारी प्यायलेला माणूस सोमवारी सकाळी पडला आणि संध्याकाळी वॉर्डात आला, तर तेव्हा त्याचे तीस तास झालेले असतात. ऑपरेशन झालं असेल तर भूल आणि त्यानंतरची वेदनाशामकं लक्षणं काही काळ झाकून ठेवतात, मग घड्याळ पुढे सरकल्यासारखं वाटतं. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं रक्तदाबाचं औषध) घेणाऱ्याची नाडी वाढतच नाही. श्रावण पाळायला पहिल्या दिवशी एकदम सोडणारे आणि लेंटमध्ये चाळीस दिवस न पिण्याचा नेम करणारे, यांच्यात अपघात किंवा ऑपरेशन नसतानाही हेच चक्र सुरू होतं. कॅज्युअल्टीत पहिलीच फिट घेऊन आलेल्या चाळिशीतल्या माणसाला ‘श्रावण धरलाय का?’ हा प्रश्न विचारायलाच हवा.

शेवटच्या घोटानंतर सहा ते आठ तासांत हात कापणं, घाम, मळमळ, घालमेल, झोप न लागणं सुरू होतं. बारा ते चोवीस तासांत काहींना भास होतात, पण माणूस शुद्धीवर असतो, कुठे आहे ते सांगतो. फिट बहुतेक सहा ते 48 तासांच्या दरम्यान येते, सगळं अंग आखडणारी, बहुधा एक किंवा दोन. डिलिरियम ट्रेमेन्स, वॉर्डात ज्याला सगळे डीटी म्हणतात, ते साधारण 48 ते 96 तासांत: वेळ-जागेचं भान सुटणं, भास, ताप, घामाने भिजलेलं अंग, नाडी 120 च्या वर. तिसरी रात्र यातच येते. आधी जितक्या वेळा विड्रॉवल (दारू सुटल्याचा त्रास) झालं असेल तितकं पुढचं जास्त जोराचं असतं, म्हणून जुन्या फिटचा प्रश्न महत्त्वाचा.

पण दारुड्या दिसला म्हणून तिसऱ्या रात्रीचं प्रत्येक बरळणं डीटी नसतं, आणि इथेच अनुभवी माणसंही फसतात. औषधाआधी ग्लुकोमीटर लावा. 40 साखरेचा माणूसही घामाघूम होऊन मारामारी करतो. डोक्याला मार आहे का बघा. मांडी मोडेपर्यंत पडलेला माणूस डोक्यावरही पडलेला असू शकतो, आणि पिणाऱ्याच्या मेंदूभोवती रक्त साचायला फार जोर लागत नाही. फिट एकाच बाजूची असेल, 48 तासांनंतर पहिल्यांदा आली असेल, किंवा फिटनंतर शुद्ध परत येत नसेल तर सीटी. ताप 38.5 च्या वर असेल तर न्यूमोनिया, पोटातल्या पाण्याचा संसर्ग, मेंदूज्वर शोधा. लिव्हर खराब झालेल्यात हात पुढे ताणून धरायला सांगा: बारीक, वेगवान थरथर आणि टक्क उघडे डोळे असतील तर विड्रॉवल, पंजा फडफडून खाली पडत असेल आणि रुग्ण पेंगत असेल तर लिव्हरची गुंगी. दुसऱ्या प्रकारात डायझेपाम दिलंत तर तो उठणार नाही. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम पाठवाच.

विड्रॉवल किती जोराचं आहे हे मोजायला सिवा स्केल (CIWA-Ar, लक्षणांना गुण देणारा तक्ता) वापरा. दहा बाबी, जास्तीत जास्त 67 गुण. आठपेक्षा कमी असेल तर बहुतेकदा औषधाशिवाय चालतं, पंधराच्या वर गेला की जोराचं. त्याची मर्यादा अशी की तो बोलणाऱ्या रुग्णासाठी आहे. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला, स्मृतिभ्रंश असलेल्या आजोबांना किंवा सेप्सिसमधल्याला लावला की आकडा फुगतो आणि नको तेवढी गुंगी दिली जाते.

औषध बेन्झोडायझेपिनच, म्हणजे क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, लोराझेपाम या गटातलं. प्रत्येक तासाला सिवा बघून आठच्या वर असेल तेव्हाच गोळी, ही पद्धत कागदावर उत्तम. एकूण डोस कमी लागतो. पण रात्रपाळीला एक सिस्टर आणि चाळीस खाटा असतील तर ती पाळली जात नाही, आणि न पाळलेली ही पद्धत सगळ्यात वाईट, कारण मग रुग्णाला काहीच मिळत नाही. अशा वॉर्डात ठरलेला डोस द्या: क्लोरडायझेपॉक्साइड 25 मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, रोजचं पिणं क्वार्टरच्या बरंच वर असेल किंवा पूर्वी फिट आली असेल तर 50 चार वेळा. रोज पाचव्या ते चौथ्या हिश्शाने कमी करत पाच ते सात दिवसांत बंद. सोबत केस पेपरवर स्पष्ट लिहा: ‘हाक मारून जागा होत नसेल किंवा श्वास मिनिटाला 12 पेक्षा कमी असेल तर पुढची गोळी देऊ नये, डॉक्टरांना कळवावे.’ या एका ओळीमुळे बरेच अपघात टळतात. वृद्ध किंवा लिव्हर सिऱ्होसिसचा रुग्ण असेल तर क्लोरडायझेपॉक्साइड आणि डायझेपाम साचत जातात. त्याऐवजी लोराझेपाम 1 ते 2 मिलिग्रॅम दर सहा तासांनी.

फिट चालू असेल तर लोराझेपाम 4 मिलिग्रॅम शिरेतून सावकाश, किंवा डायझेपाम 10 मिलिग्रॅम दोन-तीन मिनिटांत. फिट येऊन थांबली असली तरी लोराझेपाम 2 मिलिग्रॅम द्या; पुढची फिट टळण्याची शक्यता चांगली वाढते. फेनिटॉइन लोड करण्याची सवय अजून जात नाही. विड्रॉवलच्या फिटला त्याचा उपयोग होत नाही, रुग्णाला अपस्माराचा जुना आजार असेल तर गोष्ट वेगळी. डायझेपाम दंडात किंवा कमरेत टोचू नका, ते कधी किती शोषलं जाईल याचा भरवसा नसतो. शीर मिळत नसेल तर लोराझेपाम स्नायूत चालतं. आणि लोराझेपामचं इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवायचं असतं. मे महिन्याच्या उकाड्यात ट्रॉलीवर दिवसेंदिवस पडून राहिलेल्या अँप्यूलने फिट थांबली नाही, तर दोष औषधाच्या निवडीचा नसेल.

आता तुमच्या पहिल्या रुग्णाकडे. हॅलोपेरिडॉलने फिटचा उंबरठा खाली येतो, हृदयाच्या आलेखातला क्यूटी लांबतो (म्हणजे ठोका बिघडण्याचा धोका), आणि विड्रॉवल आहे तिथेच राहतं. ते द्यायचंच असेल तर पुरेसं बेन्झोडायझेपिन पोचल्यावर, तरीही भास आवरत नसतील तेव्हा, थोड्या मात्रेत आणि ईसीजी बघून. आधी एकटं कधीच नाही. बांधून ठेवलेला रुग्ण धडपडतो, तापतो, स्नायू फुटून किडनीवर ताण येतो, मोडलेली मांडी हलते ती वेगळीच. धरायची वेळ आली तर शीर मिळेपर्यंत, औषध लागू होईपर्यंत, वेळ लिहून. त्यापेक्षा दिवा चालू ठेवा, घरचं एक माणूस जवळ बसवा, त्याच्याच भाषेत पुन्हा पुन्हा सांगू द्या की तो कुठे आहे. मात्र त्या माणसाच्या हातातली पाण्याची बाटली एकदा हुंगून बघायला हरकत नाही. ‘थोडी फेणी दिली की बरं वाटतं’ हा घरगुती उपाय वॉर्डापर्यंत येतो.

पक्कं डीटी असेल तर जागा हाय डिपेन्डन्सी किंवा आयसीयूत. डायझेपाम 5 ते 10 मिलिग्रॅम शिरेतून, दर दहा मिनिटांनी पुन्हा, डोळे मिटून हलका झोपेपर्यंत पण हाकेला उठेल इतपत. किंवा लोराझेपाम 2 ते 4 मिलिग्रॅम दर पंधरा-वीस मिनिटांनी. पहिल्या तासात डायझेपाम 50 मिलिग्रॅम जाऊनही आवरत नसेल तर मात्रा वाढवत बसू नका. फेनोबार्बिटल किंवा प्रोपोफोल, श्वासनलिकेची तयारी ठेवून, भूलतज्ज्ञ सोबत घेऊन. दिवसभरात मिळून शंभर-दोनशे मिलिग्रॅम डायझेपाम लागलेले रुग्ण असतात, त्या आकड्याला घाबरायचं नाही. घाबरायचं ते श्वास कुणी मोजत नसताना दिलेल्या दहा मिलिग्रॅमला.

थायमिनबद्दल, म्हणजे ब1 जीवनसत्त्वाबद्दल, थोडं जास्त लिहितो, कारण सगळ्यात स्वस्त औषध सगळ्यात कमी दिलं जातं. सलाइन पिवळं करणारं मल्टिव्हिटामिन इंजेक्शन घातलं की थायमिन झालं, अशी समजूत आहे. लेबल वाचा: त्यातल्या अनेकांत एका अँप्यूलला जेमतेम 100 मिलिग्रॅम थायमिन असतं. कुपोषित पण शुद्धीवर असलेल्या पिणाऱ्याला रोज 200 ते 250 मिलिग्रॅम इंजेक्शनने, तीन ते पाच दिवस. गोंधळलेला असेल, चालताना झोकांड्या जात असतील, डोळे एका बाजूला फिरत नसतील किंवा बुबुळं थरथरत असतील, यातलं एक जरी असेल तरी वर्निके (थायमिनच्या कमतरतेने होणारी मेंदूची इजा) समजून 500 मिलिग्रॅम, 100 मिली सलाइनमधून अर्ध्या तासात, दिवसातून तीन वेळा, दोन-तीन दिवस. मग 250 रोज. तिन्ही लक्षणं एकत्र दिसायची वाट बघू नका, ती फार थोड्यांत एकत्र दिसतात. आणि बरळणाऱ्या डीटीच्या रुग्णात वर्निके नाही हे सिद्ध करता येत नाही, म्हणून त्याला मोठाच डोस. तोंडाने दिलेली गोळी पिणाऱ्याच्या आतड्यातून पुरेशी शोषली जात नाही. ग्लुकोजच्या आधी थायमिन हा नियम बरोबर, पण साखर 40 असताना थायमिन फार्मसीतून यायची वाट बघणं चूक; दोन्ही एकत्र द्या. मॅग्नेशियम कमी असेल तर थायमिन नीट काम करत नाही: 50 टक्क्यांची दोन मिलीची अँप्यूल म्हणजे एक ग्रॅम, किडनी ठीक असेल तर दोन ग्रॅम सलाइनमधून सावकाश. सोडियम कमी असेल तर 24 तासांत आठपेक्षा जास्त वर नेऊ नका. पिणाऱ्याचा मेंदूचा देठ घाईने इजा पावतो.

इथून ओव्हरडोसकडे जाताना मधला एक प्रकार सांगतो, कारण तो आपणच घडवतो. वेदनेसाठी ट्रामाडॉल, उलटीसाठी फेनर्गन (प्रोमेथाझिन), डीटीसाठी लोराझेपाम, तीन पाळ्यांतल्या तीन डॉक्टरांनी लिहिलेलं. ट्रामाडॉल स्वतः फिट आणतं, इतर दोन श्वास मंदावतात. किडनी बिघडलेल्यात मॉर्फिनचे अवशेष साचत जातात. पहाटे पाचला ‘आता शांत झोपलाय’ असं सांगितलेला रुग्ण खरंच झोपलाय का, हे त्याचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजल्याशिवाय कळत नाही. ऑक्सिजन लावलेला असेल तर बोटातल्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. आकडा 98 दाखवत असतो आणि आत कार्बन डायऑक्साइड चढत असतो.

अफूवर्गातल्या ओव्हरडोसची खूण तीन गोष्टींची: टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, मंद श्वास, हाकेला उत्तर नाही. पहिला इलाज नॅलॉक्सोन नव्हे, अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देणारी पिशवी. हनुवटी वर, मास्क घट्ट, दर पाच-सहा सेकंदांनी एक श्वास. मग नॅलॉक्सोन. आपल्याकडची अँप्यूल 400 मायक्रोग्रॅमची, एक मिलीची. ती नऊ मिली सलाइनमध्ये मिसळली की दर मिलीत 40 मायक्रोग्रॅम. एक-दोन मिली द्या, दोन-तीन मिनिटं थांबा, पुन्हा द्या. श्वास मिनिटाला बाराच्या आसपास आला की थांबायचं. रुग्णाने उठून गप्पा मारायची गरज नाही. श्वास पूर्ण बंद असेल तर मात्र एकदम 400, आणि गरज पडल्यास वाढवत. एकूण 10 मिलिग्रॅम जाऊनही फरक नसेल तर निदान चुकलं आहे. सवय असलेल्याला पूर्ण अँप्यूल झटक्यात दिली की तो उलट्या करतो, मारायला धावतो आणि सलाइन उपटून निघून जातो.

तो बाहेर जाऊन पुन्हा का कोसळतो? नॅलॉक्सोनचा अंमल तीस ते नव्वद मिनिटांचा. हेरॉइनही त्यापेक्षा टिकतं, मेथाडोन आणि त्वचेवरचा फेन्टॅनिल पॅच तर खूप जास्त. तुमचा दुसरा रुग्ण याच दरीत पडला. शेवटच्या नॅलॉक्सोननंतर कमीत कमी दोन तास, शक्य असेल तर सहा, आणि लांब टिकणारं औषध असेल तर 24 तास डोळ्यांसमोर ठेवा. पुन्हा पेंगायला लागला तर इन्फ्युजन: जितक्या मात्रेने श्वास आला तिचे दोन तृतीयांश दर तासाला. समजा 300 मायक्रोग्रॅम लागले, तर तासाला 200. दहा अँप्यूल 500 मिली सलाइनमध्ये, म्हणजे दर मिलीला 8 मायक्रोग्रॅम; तासाला 25 मिली लावा. कपडे उतरवून पॅच आहे का बघा, पाठीवरही. ब्युप्रेनॉर्फिनला नॅलॉक्सोन जास्त लागतं आणि अर्धवटच उतरतं; ट्रामाडॉलमध्ये श्वास सुधारतो पण फिट राहतेच, तिच्यासाठी बेन्झोडायझेपिन.

टाचणी बाहुल्या म्हणजे अफूच, असं गृहीत धरू नका. सत्तरी-सांगेकडच्या बागायतीतून आणलेला माणूस असेल, तोंडातून फेस, घाम, छातीत घरघर, नाडी मंद असेल तर ते कीटकनाशक. तिथे अॅट्रोपिन 2 ते 3 मिलिग्रॅम, दर पाच मिनिटांनी दुप्पट, छाती कोरडी होईपर्यंत; बाहुल्या मोठ्या होणं हे लक्ष्य नव्हे. कपडे काढून अंग धुवा, स्वतः हातमोजे घालून. बाहुल्या बारीक आणि रक्तदाब 220 असेल तर मेंदूच्या देठातला रक्तस्राव.

झोपेच्या गोळ्यांसाठी (बेन्झोडायझेपिनचा उतारा) फ्लुमाझेनिल हाताशी असलं तरी हात आखडता घ्या. रोज अल्प्राझोलाम घेणाऱ्याला किंवा सोबत नैराश्यावरच्या जुन्या पद्धतीच्या (ट्रायसायक्लिक) गोळ्या खाल्लेल्याला त्याने न थांबणारी फिट येते. श्वासनलिका सांभाळली की हे बहुतेक रुग्ण आपोआप जागे होतात.

पार्टीतून आलेल्यांचं चित्र उलटं असतं: मोठ्या बाहुल्या, वेगवान नाडी, घट्ट जबडा. एमडीएमए, मेथ, कोकेन, काय घेतलं ते पाकिटावरच्या नावावरून कळत नाही आणि कळायची फार गरजही नसते. लघवीच्या किटमध्ये फेन्टॅनिल, ट्रामाडॉल, केटामिन बहुधा दिसत नाहीत. किट निगेटिव्ह म्हणजे काही घेतलं नाही, असं होत नाही. थर्मामीटर मात्र गुदमार्गातून लावा. 40 च्या वर असेल तर तीच खरी आणीबाणी: ओल्या चादरी, पंखा, बर्फ मानेला, काखेत, जांघेत, आणि डायझेपाम 10 मिलिग्रॅम शिरेतून, पुन्हा पुन्हा. अर्ध्या तासात 39 च्या खाली आणायचं. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. एमडीएमए घेऊन लिटरभर पाणी प्यायलेल्या मुलीला फिट आली तर सोडियम बघा. कमी असेल तर तीन टक्के सलाइन 100 ते 150 मिली. कोकेनच्या छातीदुखीत बीटा ब्लॉकर देऊ नका. सीके (स्नायू फुटल्यावर रक्तात वाढणारा घटक) आणि लघवीचा रंग तपासा. चहासारखी असेल तर भरपूर सलाइन.

जाणूनबुजून काहीही खाल्लेल्या प्रत्येकाची पॅरासिटामॉल पातळी चार तासांनी पाठवा, तो नाही म्हणाला तरी. अंदाजे मात्रा 150 मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या वर असेल आणि रिपोर्टला उशीर होणार असेल तर अॅसिटिलसिस्टिन (पॅरासिटामॉलचा उतारा) सुरू करा: 150 मिलिग्रॅम प्रतिकिलो तासाभरात, मग 50 चार तासांत, मग 100 सोळा तासांत.

सोबतचे मित्र पोलिसांच्या धास्तीने काही सांगत नाहीत. त्यांना एवढंच सांगा की काय, किती आणि कधी, हे उपचारासाठी हवं आहे. मेडिको-लीगल नोंद व्हायचीच, पण स्वतःहून उपचाराला तयार असलेल्या व्यसनी व्यक्तीला अमली पदार्थ कायद्याच्या कलम 64अ मध्ये संरक्षण आहे, हे ऐकलं की काहींची तोंडं उघडतात.

घरी पाठवताना क्लोरडायझेपॉक्साइडचं महिनाभराचं पान लिहून देऊ नका. उरलेल्या दोन-तीन दिवसांच्या मोजक्या गोळ्या, त्याही घरच्यांच्या हातात. तोंडाने थायमिन 100 मिलिग्रॅम रोज. पुढच्या औषधाचा निर्णय मनोविकारतज्ज्ञांकडे, बांबोळीच्या मनोरुग्णालयाच्या किंवा जवळच्या जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत, तारीख लिहून. अफूवर्गातली गोळी घेत असेल तर नॅल्ट्रेक्सोन (दारूची ओढ कमी करणारं, पण अफूवर्गाचा परिणाम रोखणारं औषध) लिहायचं नाही. तारखेपर्यंत बोलायचं असेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. आणि अफू-हेरॉइनवाल्याला निघताना नीट बसवून सांगा, की आठ-दहा दिवस वॉर्डात राहिल्याने त्याची सवय उतरली आहे, दाखल होण्याआधीची मात्रा आता त्याला झेपणार नाही. हे वाक्य डिस्चार्ज कार्डावर मराठीत किंवा कोकणीत लिहा आणि सोबत आलेल्या माणसाकडून वाचून घ्या.